उजेड होता

१२ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो, पेन टेबलाखाली गेलं म्हणून. तेवढ्यात नमस्कारही उरकून घेतला.)

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावली असशील. काम होतं म्हणून सांगितलं तर म्हणशील, काम कुणाला नसतं. पण परवा प्रयोगशाळेत एक प्रकार झाला, तो तुलाच सांगावासा वाटला. आमच्याकडे काचेच्या बशांमधून पेशी वाढवायच्या आणि त्या कशा मरतात ते बघायचं, हे माझं काम तुला ठाऊकच आहे. ("जगात मरणाला काय तोटा आहे म्हणून तू ते बशीत वाढवतोस?" हे तुझं वाक्य मी इथे सगळ्यांना सांगितलंय.) तर एक बशी आम्ही मेली म्हणून बाजूला सारली होती. टाकायचीच होती, राहून गेली. पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिच्यातल्या काही पेशी चक्क सावरल्या होत्या. अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या.

मला भावोजी आठवले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यांचं हृदय थांबलं आणि डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं, एवढंच मला माहीत आहे. मधे काय झालं? लोकांना ते काय सांगतात ते ऐकून आहे. तुला काय सांगितलं? त्यांना विचारायचा मला धीर होत नाही.

आणखी एक. हल्ली कामावरून येताना वाटेत एक प्रार्थनागृह लागतं, तिथे थांबतो. आत जात नाही. पायरीवर बसतो थोडा वेळ. का, ते विचारू नकोस. आणि हसू तर मुळीच नकोस.

तुझा
शंक्या

२४ जानेवारी

शंक्या,

तुला उदंड आयुष्य. पायरीवर बसतोस हे वाचलं आणि पत्र हातात धरून तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं. जाऊ दे, कधी नव्हे ते चांगल्या कारणाने गेलं.

हसेन कशी रे? आई म्हणायची देव सगळीकडे आहे, तर पिठाच्या डब्यात डोकं घालून बघणारा तू. पांढरं तोंड घेऊन बाहेर आलास आणि म्हणालास, "इथे तर नाही." तेव्हापासून शंक्या. मी आईला म्हटलं होतं, जो डब्यात डोकं घालून शोधतो तो एक दिवस दारातूनही येईल. तू पायरीपर्यंत आलास. आता एकच उंबरठा उरला.

इकडे ह्यांची तब्येत बरी, डोळे मात्र गेल्यातच जमा. माणूस ओळखतात ते पावलांवरून. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली, अक्षर हेच त्यांचं खाणंपिणं, त्यामुळे वाचून दाखवायचं काम आता माझ्याकडे. आणि नुसतं वाचून चालत नाही बरं! छापखान्यात म्हणे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि परिच्छेद संपला की टेबलावर बोटाने ठोका द्यायचा, म्हणजे तपासणाऱ्याला कळायचं. मलाही तसंच वाचायला लावतात. ठोका विसरला की म्हणतात, "बाईसाहेब, दरवाजा न वाजवता आत शिरलात." माझ्या बोटाच्या पेराला घट्टा पडलाय.

आता तू विचारलंस ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, सख्ख्या मुलीलाही नाही.

हे दवाखान्यातून घरी आले तेव्हा उठून बसवत नव्हतं. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या बाई तुला आठवतात ना, माझ्या पडद्यांना झालर लावून दिली होती त्या. त्यांची मुलगी नुकतीच तापाने गेली होती. एकुलती एक. बाई आल्या, ह्यांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही जाऊन आलात. तिथे अंधार आहे का? माझी पोर अंधाराला घाबरते."

हे म्हणाले, "नाही बाई. उजेड होता. पुष्कळ उजेड होता."

बाई उठल्या त्या वेगळ्याच होऊन उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं मशीन पुन्हा सुरू झालं, गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. मग एकेक जण यायला लागलं. ज्याचं कुणी गेलंय तो आमच्या दारात. ह्यांनी प्रत्येकाला तेच सांगितलं. आता प्रार्थनागृहात प्रार्थनाही ह्यांनीच सांगायची, पुढच्या बाकावरून.

पण शंक्या, ह्यांना काहीही दिसलेलं नाही. बाई गेल्यावर भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, काही नव्हतं.

आता तू म्हणशील, मग देव कुठे गेला? मला विचारशील तर देव त्या "उजेड होता" मध्ये होता. ज्याला स्वतःला काही मिळालं नाही त्याने दुसऱ्याची ओंजळ भरली, ते त्याच्या एकट्याच्या बळावर होत नाही. तू पायरीवर बसलायस म्हणून हे तुला सांगितलं. तुझ्यापाशीच ठेव.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र किती वेळा वाचलं सांगत नाही, तू म्हणशील परीक्षेला बसतोयस का. "देव त्या उजेड होता मध्ये होता" हे वाक्य घेऊन मी दोन दिवस नुसता फिरत होतो. आमच्या साहेबांनी विचारलं, बरं नाही का?

मला सगळं नीट डोळ्यांपुढे आणायचंय. बाई आल्या तेव्हा दुपार होती की सकाळ? खोलीत काय काय होतं? भावोजी भिंतीकडे वळून नेमकं काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत आठवतं का? "काही नव्हतं" एवढंच? तुला माझी खोड माहीत आहे, अंदाजावर माझं भागत नाही.

तुझं पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

आजही पायरीवर बसलो होतो. आतून गाणं ऐकू येत होतं. बरं वाटलं.

शंक्या

२० फेब्रुवारी

शंक्या,

अंदाजावर भागत नाही म्हणतोस, तसा देवाच्या बाबतीतही अंदाजावर राहू नकोस म्हणजे झालं. गाणं ऐकून बरं वाटलं ना? मग आत जाऊन बस की. आतली माणसं चावत नाहीत.

दुपार होती. ह्यांना ऊन लागू नये म्हणून मी खिडकीला ओला पंचा लावला होता, त्याचं पाणी टपटपत होतं. उशाशी औषधाची बाटली आणि पितळेचा पेला. बाईंच्या गळ्यात मोजायची फीत तशीच राहिली होती, घाईने आल्या होत्या. त्या फितीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

त्या गेल्यावर हे म्हणाले, "काहीच नव्हतं गं. दिवा मालवतात ना, तसं. मालवला आणि पुन्हा लावला, मधलं काही नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खोडल्या. आज एक मुद्दाम राहू दिली."

मी तेव्हा पंचा पुन्हा भिजवायला गेले. त्यांना रडताना बघितलेलं आवडत नाही.

झालं समाधान? आता या उन्हाळ्यात ये. ह्यांना तुझ्याशी वाद घालायचाय, गल्लीत वाद घालायला माणूसच उरला नाही म्हणतात.

ताई

१५ नोव्हेंबर

ताई,

किती महिने गप्प होतो, त्याचं कारण आता तुझ्या हातात आहे. 'परतलेला'. माझी तिसरी कादंबरी, आणि माझ्या मते पहिली खरी. माणूस मेल्यावर उरतो का, आणि उरत नसेल तर श्रद्धा कशावर उभी असते, एवढाच प्रश्न घेऊन बसलो होतो. उत्तर तुझ्यामुळे दिसलं. तुझ्याशिवाय हे पुस्तक झालं नसतं.

एक विनंती. सातवं प्रकरण आधी तू एकटीने वाच. भावोजींना वाचून दाखवण्यापूर्वी. तुला कळेल.

रागावू नकोस. आधी पूर्ण वाच.

शंक्या

२ डिसेंबर

शंक्या,

तुझी चिठ्ठी सातव्या प्रकरणातच खोचलेली सापडली. अरे, विहिरीत कुणी पडू नये म्हणून पाटी लावायची तर ती काठावर लावतात. तू तळाशी लावलीस.

पार्सल ह्यांनीच फोडलं. पुस्तक नाकाशी धरलं. "मेव्हण्याने या खेपेस छापखाना बरा धरलाय," म्हणाले. "चल, पान पहिलं." जेवणं झाली की रोज एक प्रकरण, असं ठरलं. सहा प्रकरणं झाली आणि हे इतके खूश की काय सांगू. "शंक्या देवाला सोडत नाही गं. भांडतोय नुसता. परक्याशी कोण एवढं भांडतं?" शेजारच्यांना बोलवून सांगत होते, आमच्या घरातला लेखक आहे म्हणून.

सातवं उघडलं, चिठ्ठी पडली. मी ती डोळ्यांनी वाचत होते तर हे म्हणाले, "का थांबलीस? पान चिकटलंय का?" म्हटलं, चष्मा पुसते. आणि वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदाला ठोका दिला, दुसऱ्याला दिला. मग समोर आला तो खिडकीतला ओला पंचा. टपटपणारं पाणी. पितळेचा पेला. शिलाईवाल्या बाईंना तू टोप्या विणणारी केलंस, पोरीचा पोरगा केलास, तापाचा खोकला केलास. आणि पुढच्या पानावर ह्यांचे शब्द, दिवा मालवण्याचे, एक चूक मुद्दाम राहू देण्याचे, जसेच्या तसे. एकही काना-मात्रा न बदलता.

मी काय करणार होते, सांग. समोर हे बसलेले, कान देऊन. मी पुस्तकाकडे बघत बघत दुसरंच बोलायला लागले. तुझ्या त्या परतलेल्या माणसाला उजेड दिसतो असं केलं. त्याला नदी दाखवली, पलीकडच्या काठावर त्याची आई दाखवली, ती हाताने 'अजून नको, परत जा' म्हणते असं केलं. मी मॅट्रिक झालेली बाई, मला कुठून कादंबरी रचता येणार? पण माणूस पाण्यात पडला की हातपाय हलवतो तसं तोंड हलत होतं. मधून मधून पान उलटत होते. वाटलं, निभलं.

हे म्हणाले, "तुझ्या भावाला एवढा लांब परिच्छेद कधीपासून जमायला लागला?"

ठोके द्यायला विसरले होते रे मी. एकही दिला नव्हता.

"आता छापलंय ते वाच," म्हणाले.

वाचलं. ठोक्यांसकट वाचलं. तो माणूस भिंतीकडे वळून बायकोला सांगतो तिथवर हे हलले नाहीत. पण त्यापुढे तू लिहिलंस की त्याला लोकांनी दाराशी ताटकळत उभं राहिलेलं आवडू लागलं, पुढचा बाक आवडू लागला, आणि उजेडाची गोष्ट तो दर खेपेस थोडी रंगवून सांगू लागला. तिथे ह्यांनी हात वर केला. मी थांबले.

मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं."

तुझं नावही काढलं नाही. ज्या माणसाने डोळे गेले तेव्हा "तुझे डोळे आहेत की" असं म्हटलं होतं, तो आता दुपारी रेडिओ लावून बसतो. वाच म्हणत नाही. मी पेपर घेऊन बसले तर म्हणतात, "राहू दे, बातम्यांत येईल." दोघांच्या घरात आता तिसराच कुणीतरी बोलत असतो.

माझा वाटा मी उचलते. विश्वासाने दिलेली गोष्ट मी दुसरीकडे दिली, मला त्याचं प्रायश्चित्त घरातच मिळतंय. पण तुझा हिशेब वेगळा. तुला बदलायचंच होतं ना काही? मग जे झाकायचं होतं ते जसंच्या तसं ठेवलंस, आणि जे खरं होतं तेवढंच बदललंस. ह्यांना मान हवा होता म्हणून ते उजेड म्हणाले नाहीत. पोर अंधाराला घाबरते म्हणून म्हणाले. हे मी तुला लिहिलं होतं.

आणि ती पायरी? एकदा तरी बसला होतास का?

प्रार्थनागृहातले लोक तुझं पुस्तक कौतुकाने मागतायत. शिलाईवाल्या बाई दोनदा म्हणाल्या, "वहिनी, भाऊंचं पुस्तक द्या ना, काम करता करता पोरींकडून वाचून घेईन." मी कपाटाला कुलूप घातलंय. पुढच्या छपाईतून ते प्रकरण काढ. बाकी काही मागत नाही.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

तुला दुखवलं याचं मला खरंच वाईट वाटतं. भावोजींना दुखवलं याचं त्याहून जास्त. पण तू शांतपणे विचार कर. नाव नाही, गाव नाही, धंदे वेगळे. बाहेरच्या माणसाला कशावरून कळणार? तुम्हाला कळलं कारण तुम्हीच ते आहात.

घटनेला मी हात लावला नाही, कारण मला तशी सवयच नाही. प्रयोगात दिसलं ते बदललं की पुढचं सगळं खोटं होतं. तो ओला पंचा माझ्या कल्पनेतून कधीच आला नसता आणि त्याच्याशिवाय तो प्रसंग उभा राहिला नसता. स्वभावाचं म्हणशील, तर निव्वळ भला माणूस वाचकाच्या गळी उतरत नाही. त्याला थोडा गर्व दिला म्हणून तो माणूस वाटतो. तो तुमचा माणूस नाहीच मग, माझं पात्र आहे.

प्रकरण काढता येणार नाही. ते काढलं तर कादंबरीला कणाच राहत नाही. चार जाणत्यांनी तेच प्रकरण वाखाणलंय. आणि तुमच्या भागात पुस्तक फारसं पोचायचंही नाही, तू उगीच घाबरतेस.

पायरीवर बसलो होतो, ताई. ते खोटं नव्हतं. पण तिथे बसून मी कादंबरीचाच विचार करत होतो, हेही तेवढंच खरं.

शंक्या

२८ डिसेंबर

शंक्या,

पुस्तक पोचायचं नाही म्हणालास. रविवारची पुरवणी मात्र घरोघर पोचते. सातवं प्रकरण अख्खं छापून आलंय, वर तुझा फोटो, खाली "लेखकाच्या संमतीने". म्हणजे मला उगीच घाबरू नकोस असं लिहिलंस तेव्हा तू तिकडे संमती देऊन बसला होतास. वर तुझ्या फोटोच्या चौकटीत ओळ आहे : 'माझ्या बहिणीच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने या कादंबरीचं बीज दिलं.' बहीण किती आहेत तुला? एकच. गल्लीत तुझी बहीण कोण हे कुणाला माहीत नाही?

सोमवारी सकाळी बाई आल्या. पुरवणीची घडी हातात. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "नको वहिनी, बसा." ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"दादा, हे तुमचं आहे का?"

हे म्हणाले, "कादंबरी आहे, बाई. कादंबरीत माणसं मनचं लिहितात."

"टोप्या विणणारी ती मीच ना?"

"ती टोप्या विणते. तुम्ही कुठे विणता?" हे हसायला गेले. मला ते हसू बघवलं नाही.

बाई म्हणाल्या, "माझी फीत आहे यात. तिच्या बोटाला गुंडाळलेली. टोप्या विणणारीच्या गळ्यात फीत कशाला असेल, दादा?"

तुला कुठल्याही जाणत्याने हे विचारलं नाही ना? तिने विचारलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण हे छापलेलं आहे, आणि तुम्ही सांगितलेलं तोंडचं आहे. तुमच्या मेव्हण्यांना म्हणावं, मला दोन ओळी लिहून द्या, हे मनचं रचलंय म्हणून. मग मी कुणाचं ऐकायची नाही."

शंक्या, दोन ओळी. 'सातव्या प्रकरणात परतलेला माणूस जे बोलतो ते मी माझ्या मनाने रचलेलं आहे.' एवढंच. खाली सही. ती बाई मशीनवर बसली की मुलीशी बोलते, तुला माहीत नाही. हळू आवाजात, दोरा ओवताना, कापड फिरवताना. दिवसभर चालतं. गल्लीत कुणी हसत नाही. तिचं जगणं त्या एका शब्दावर चाललंय, आणि तो शब्द आता तुझ्या हातात आहे. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. मागितलं असेल तर आठवून सांग.

ताई

८ जानेवारी

ताई,

तू मागितलेलं पत्र लिहायला बसलो होतो. तीनदा बसलो. नाही लिहिता आलं. मी सही करून खोटं लिहू शकत नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर उभा आहे तीच काढून घ्यायला सांगतेस.

पण मी स्वस्थ बसलो नाही. बाईंना कालच पत्र टाकलंय. खरं ते, पण हळुवारपणे सांगितलंय. मरताना पेशींचं काय होतं ते सोपं करून लिहिलं. तुमच्या मुलीला अंधार दिसला नाही, भीती वाटली नाही, कारण अंधार बघायलाही कुणी मागे राहत नाही. यात केवढा दिलासा आहे बघ! भावोजींनी प्रेमापोटी सांगितलं हेही लिहिलंय, तू म्हणालीस तसंच. त्यांचा मान मी राखलाय.

माणसं आपण समजतो त्याहून धीराची असतात. सत्य पेलतं त्यांना. तू बघशील, त्या मला दुवा देतील.

शंक्या

३ फेब्रुवारी

शंक्या,

एवढं मोठं पुस्तक मनाने रचणारा माणूस दोन ओळी खोट्या लिहू शकत नाही, हे वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं. मग बाई आल्या.

तुझं पत्र त्यांनी स्वतःच वाचलं होतं. अडलेले शब्द पोरींना विचारले, म्हणजे शिवण शिकायला येणाऱ्या पोरींनाही कळलं. पत्र ह्यांच्या हातात दिलं. ह्यांना दिसत नाही हे त्या क्षणी त्यांच्या लक्षातच नव्हतं. हे ते उलटं धरून बसले.

"दादा, यात लिहिलंय, तुम्ही माझ्या मायेपोटी सांगितलं."

ह्यांना अजून एकदा 'उजेड होता' म्हणता आलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा. माझा देव मला क्षमा करो, मी हात जोडून म्हणत होते, म्हणा एकदा. पण हे सांगणारे आणि त्या ऐकणाऱ्या, दोघांच्या मधे तू तो कागद ठेवला होतास. हे म्हणाले, "मला काही दिसलं नाही, बाई. तुम्ही विचारलंत आणि माझ्याच्याने दुसरं बोलवलं नाही."

बाईंनी पत्र ह्यांच्या हातातून परत घेतलं. नंतर म्हणाल्या, "मग मी एवढे दिवस कुणाशी बोलत होते?"

ह्याचं उत्तर तुझ्या प्रयोगशाळेत असलं तर कळव. आमच्या घरात कुणाला देता आलं नाही. मी म्हटलं, "पोरीशीच बोलत होतात, ती देवापाशी आहे." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला तर आधीपासून माहीत होतं." भांडल्या नाहीत. निघताना चपला घालून दोन्ही नीट आहेत का बघितलं आणि गेल्या.

मशीन बंद पडलेलं नाही. तेवढ्यावर तू खूश होशील म्हणून आधीच सांगते. मशीन चालतं. त्या बोलत नाहीत. नुसतं मशीन चालतं, दिवसभर, आणि खिडकी लावलेली असते.

प्रार्थनागृहात ह्यांना कुणी काही बोललं नाही, लोक भले आहेत. हे स्वतःच उठून मागच्या बाकावर जाऊन बसले. पुढून प्रार्थना आता दुसरेच कुणी सांगतात, त्यांना चाल येत नाही. हे शेवटपर्यंत बसतात, पण ओठ हलत नाहीत. मी शेजारी बसते. परवा माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. काढून घेतला नाही. धरलाही नाही.

तू पुन्हा लिहिशील की ही सगळी सत्याची किंमत आहे. असेल. पण ती तू दिली नाहीस.

तुझं येणं-जाणं मी तोडत नाही. आपल्या दोघांना आता आई-बाप नाहीत, दुसरं कुणी नाही. पत्र पाठव, मी उत्तर देईन. हवा कशी आहे, ह्यांचं पथ्य काय चाललंय, मुलीकडचं बरं आहे, एवढं कळवत जाईन. त्यातून तुला काही उभं करता आलं तर खुशाल कर.

माझा देव आहे तिथेच आहे, त्याची काळजी करू नकोस. रोज सकाळी दिवा लावते, आणि घरातल्या सगळ्यांची नावं घेते तेव्हा तुझंही घेते. त्यात खंड पडलेला नाही. तुझ्यासाठी त्याच्यापाशी काय मागते, ते मात्र आता सांगणार नाही. तुला सांगितलेलं कुठे जातं, ते मी पाहिलं.

ताई